जात्यावरची बाई आणि सातबारा

(आचरा, तालुका मालवण, इथे जमलेल्या महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या बायकांपुढे केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजच्या बैठकीत मला वारसाहक्कावर बोलायला सांगितलं आहे. कायद्याची नीट माहिती द्यायला दुपारी वकीलताई येणार आहेत. कलमं, अर्ज, फी हे सगळं त्यांना विचारा. मी तुम्हाला आमच्या घरच्या एका सहलीची गोष्ट सांगणार आहे. सहलीचा आणि सातबाऱ्याचा काय संबंध, असं तुमच्या मनात येईल. त्या दिवशी सकाळी गाडीत बसताना माझ्याही ते डोक्यात नव्हतं.

मी इथलीच, आचऱ्याची माहेरवाशीण. १९९२ साली लग्न होऊन कणकवलीकडे गेले. माहेरी थोडी भातशेती, नारळीचं भाट आणि जुनं कौलारू घर. दोन भाऊ, आम्ही दोघी बहिणी. वडील वारले त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. आई आहे, सत्तरी कधीच ओलांडलेली. तुम्ही बघताच आहात, आपल्या किनाऱ्यावर पर्यटक येऊ लागले तशी जमिनीला किंमत आली. ज्या भाटात आम्ही लहानपणी सोडणं वाळत घालायचो, त्या भाटाची आता बाहेरची माणसं गाडी थांबवून चौकशी करतात.

मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं मुलाबाळांसकट माहेरी जमलो. थोरल्या भावाने बेत सांगितला. शनिवारी सगळ्यांनी मिळून कोल्हापूरला जायचं, कणेरी मठावरचं सिद्धगिरी म्युझियम बघायचं. रविवारी आराम. आणि सोमवारी, हे त्याने जरा खालच्या आवाजात सांगितलं, "सोमवारी जरा मालवणला जाऊन येऊ. तुमच्या दोघींच्या आणि आईच्या सह्या हव्यात. हक्कसोडाचं तेवढं उरकून टाकू."

आम्ही दोघी बहिणी मानेने हो म्हणालो. असं विचारलं की हो म्हणायचं असतं. आईला कुणी वेगळं विचारलंच नाही.

माझा भाऊ वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. वडिलांच्या आजारपणात दवाखान्याच्या खेपा त्याने केल्या, खर्च त्याने केला. सहलीच्या गाडीचे पैसेही त्यानेच दिले. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं, मैत्रिणींनो. आपली अडचण चांगल्या माणसांपाशी होते.

आता सहल. गाडी पहाटे पाचला निघायची होती. पुरुषमाणसं आणि मुलं साडेचारला उठली. आमची सहल त्याआधीच, रात्री दोन वाजता सुरू झाली होती. चौदा माणसांच्या तांदळाच्या भाकऱ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, मुलांना घावणे, म्हाताऱ्या माणसांना मऊ भात, पाण्याच्या बाटल्या, चादरी, गाडी लागणाऱ्यांसाठी आवळासुपारी. दोन्ही वहिन्या, आम्ही बहिणी आणि आई, पाच बायका चुलीपाशी आणि गॅसपाशी. गाडी फोंडा घाट चढायला लागली तेव्हा भाऊ म्हणाला, "बघा कसा गार वारा आहे!" मागे वळून बघतो तर पाचही बायका तोंड उघडी टाकून झोपलेल्या. मुलं खूप हसली. मी ते नंतर ऐकलं.

दाजीपूर, राधानगरी करत आम्ही कोल्हापूर गाठलं. तिथून दक्षिणेला, गोकुळ शिरगावच्या पुढे कणेरी मठ आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणी जाऊन आल्या असतील, शाळांच्या सहली तर नेहमीच जातात. मोठ्या मोकळ्या आवारात जुनं गाव उभं केलं आहे. मुघलांच्या आधीचं, स्वतःच्या पायावर उभं असलेलं गाव कसं असेल, ही त्यामागची कल्पना. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, शेती, विहीर, बैल, घरं. माणसाच्या उंचीचे शेकडो पुतळे. आणि काम फार सुंदर आहे. चेहरे, हातांच्या शिरा, लुगड्याच्या चुण्या सगळं इतकं खरं की मुलं त्यांच्याशी बोलायला जातात. माझा भाचा एका म्हाताऱ्याला "आजोबा, सरका" म्हणाला. आम्ही सगळे आनंदात होतो. हेही मला सांगायचं आहे. मी तिथे तक्रार शोधायला गेले नव्हते.

मग जात्यावर दळणारी बाई आली.

मुलं म्हणाली, "आजी, तिच्या शेजारी बस, फोटो काढतो." आई बसली नाही. ती उभी राहून त्या बाईकडे बघत राहिली. खूप वेळ. आम्हाला वाटलं, जुने दिवस आठवून तिला बरं वाटत असेल. धाकट्या भावाने विचारलंसुद्धा, "काय आई, तुझ्यासारखीच आहे ना?"

आई म्हणाली, "माझ्यासारखीच आसा. पण हिचो घाम खंय गेलो?"

सगळे हसले. भाचा म्हणाला, "आजी, पुतळ्याला घाम येतो का?" आईही हसली आणि पुढे चालू लागली.

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. आईचं जातं मला चांगलं आठवतं. आमच्या पडवीच्या कोपऱ्यात होतं. शेजारी जमिनीत व्हायन, त्यात मुसळाने कांडायचं. गावात चक्की आली तरी नाचणी, डाळ, पीठ वेळेला घरीच दळलं जाई, कारण चक्कीला पैसे पडत आणि पैसे आईच्या हातात नसत. अंधारात उठायचं, दळायचं, मग पाणी, मग गोठा, मग चूल, मग शेत. चिखलात वाकून लावणी करायची आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा चूल. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळेला आई दिवस भरेपर्यंत कांडत होती. हे सगळं काम. या कामावर ते घर उभं राहिलं. आणि सोमवारी त्याच घरातून तिचं नाव काढायला आम्ही मालवणला जाणार होतो. वारस नोंदीत ते नुकतंच लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एका सरकारी कागदावर जमिनीपुढे तिचं नाव आलं, आणि ते एका वर्षात पुसायचं होतं.

मैत्रिणींनो, जुनं गाव जिवंत करून दाखवण्याची ही कल्पना जगभर आहे. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला स्कान्सेन नावाची जागा आहे, १८९१ सालापासूनची. तिथे जुनी घरं आणून उभी केली आणि जुन्या वेशातली माणसं तिथे पाव भाजतात, सूत काततात, लोक बघायला येतात. पुतळे नव्हे, खरी माणसं. संध्याकाळी कपडे बदलून घरी जातात आणि महिन्याला पगार घेतात. मला हे कळलं तेव्हा मी मनाशी म्हटलं, बघा, हेच काम आपल्या आज्यांनी जन्मभर केलं तेव्हा ते काम नव्हतं, ती बाईची जात होती. देखावा म्हणून केलं की त्याला पगार आहे.

मी सहलीहून आले आणि हे सगळं आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला सांगितलं. ती बौद्धवाडीतली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथे विहीर आहे का गं?" मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, "तुला त्या गावात तुझी आजी भेटली. माझी आजी तुला कुठे भेटली असती, माहीत आहे? विहिरीपासून लांब, कळशी घेऊन उभी. कुणी वरून पाणी घालतंय का, वाट बघत."

मला त्यावर बोलता आलं नाही. आमचं घर मानाचं. गाऱ्हाण्यात बारा-पाचाचं नाव निघतं तेव्हा आमच्या घराचंही निघतं. जुनं गाव म्हटलं की मला जातं दिसलं. तिला विहीर दिसली. बलुतेदारांच्या यादीत महारही येतो. पण त्या बलुत्याचा अर्थ काय होता, हे ज्यांनी भोगलं त्यांनाच माहीत. ज्या कोल्हापूरच्या मातीत हे गाव उभं आहे, तिथे शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन रद्द केलं. बाकी मुंबई राज्यात ते जायला १९५८ उजाडलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह केला. आपल्या कोकणातली खोती मोडायला १९३७ साली त्यांनी विधेयक आणलं, कायदा व्हायला १९४९ साल लागलं. स्वयंपूर्ण गाव गोड वाटतं ते गावाच्या मध्यावर उभं राहून बघितलं तर. त्या गावाला वेसही होती, आणि वेशीबाहेर माणसं राहत होती.

दुसरी एक बाई मी शोधत होते. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींचे उल्लेख सापडतात. कुणबीण म्हणजे कुणबी बाई नव्हे, दासी, विकत घेतलेली बाई. व्यभिचाराचा आळ आला म्हणून सरकारने धरून ठेवलेल्या बायकाही त्यात असत. त्यांची खरेदी-विक्री होई, हिशेबाच्या वहीत गाईगुरांसारखी नोंद होई. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीच्या देखाव्यात आपण कितीदा जुनं गाव उभं करतो. त्यात कुणबीण मी कधी पाहिली नाही. तशीच केशवपन केलेली बाईही कधी दिसत नाही. न्हावी असतो, पण तो पाटलाची दाढी करताना दाखवतात. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केस कापायला नकार दिला, तो देखावा कुणी करत नाही. खरं तर तो करण्यासारखा आहे. पुढच्या गणपतीत करू या का आपण?

कुणी म्हणेल, सहलीला गेलेल्या मुलांना असलं कशाला दाखवायचं? त्यांना आनंद होऊ दे. हाच वाद अमेरिकेत झाला. व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग म्हणून अठराव्या शतकातलं एक अख्खं शहर जपून ठेवलं आहे. तिथेही जुन्या वेशातली माणसं जुनी कामं करून दाखवतात. १९९४ साली तिथल्या काळ्या कर्मचाऱ्यांनी ठरवलं की गुलामांचा लिलावही करून दाखवायचा. त्या विभागाची प्रमुख होती क्रिस्टी कोलमन, एक तरुण काळी बाई, आणि लिलावात विकल्या जाणाऱ्या गरोदर गुलाम बाईचं काम तिने स्वतः केलं. काळ्यांच्याच संघटनांनी निषेध केला, आमच्या दुःखाचा खेळ करू नका म्हणून. त्यांचंही चूक नव्हतं. पण जे झालं ते लपवलं तर ते झालंच नाही असं होतं, हे तिचं म्हणणं होतं. मला ते पटतं.

आता आपल्या गावाकडे येते. बाहेरून आलेल्या मैत्रिणींसाठी सांगते. आम्हा आचरेकरांना जुन्या काळात जायला कोल्हापूरपर्यंत जावं लागत नाही. आमच्याकडे गावपळण आहे. दर तीन-चार वर्षांनी श्री देव रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव घरं सोडून वेशीबाहेर जातं. गुरं, कोंबड्या, कुत्री सगळ्यांना घेऊन. तीन दिवस, तीन रात्री. गावात चिटपाखरू नाही, शाळा बंद, दुकानं बंद. सगळ्या जातिधर्मांची माणसं बाहेर राहुट्या करून राहतात. तीन रात्री झाल्या की पुन्हा कौल लावायचा, आणि तो मिळाला तरच परत यायचं.

हल्ली टीव्हीवाले येतात, मुंबईचे चाकरमानी मुद्दाम रजा काढून येतात. "पूर्वजांसारखं राहायला मिळतं," असं म्हणतात. आणि खरंच मजा येते. रात्री फुगड्या, भजनं, गप्पा, लहान मुलांचा धुडगूस. गावपळण मला आवडते, माझ्या लहानपणाच्या चांगल्या आठवणी तिथल्या आहेत. पण तीन दगडांची चूल मांडून वीस माणसांचं रांधायचं कुणी? कुठल्या पाण्यावर? बाळंतिणीला कुठे निजवायचं? रात्री बायकांनी बाहेर जायचं कुठे? कौल लावायला गावकर-मानकरी पुढे असतात. बायकांना निरोप येतो आणि त्या बांधाबांधीला लागतात.

तरीही गावपळणीत मला एक गोष्ट नेहमी जाणवली आहे, आणि त्या रात्री परत येताना ती नीट कळली. गावपळणीत भिंती नसतात. त्यामुळे घरात जे काम कुणाला दिसत नाही, ते उघड्यावर सगळ्यांना दिसतं. कोण बसलंय आणि कोण राबतंय, हे वेशीबाहेर लपवता येत नाही. आणि तीन दिवस कुणाचंच घर नसतं. हातात जे असेल तेवढंच आपलं. श्रीमंताचं तेच, गरिबाचं तेच. पुरुषांना त्याची गंमत वाटते, कारण चौथ्या दिवशी परत जायला त्यांच्या नावाचं घर असतं. बाईची मात्र सगळा जन्म गावपळणच असते. माहेरात ती दुसऱ्याचं धन, सासरात दुसऱ्याची मुलगी. हातात असेल तेवढंच तिचं. आणि तिला परत बोलावणारा कौल कधी होतच नाही.

परत येताना राधानगरीच्या पुढे अंधार पडला. मुलं झोपली. पुढे भाऊ ड्रायव्हरशी बोलत होता. आई माझ्या शेजारी होती. मला वाटलं, तिलाही झोप लागली. एकदम म्हणाली, "इतकी घरां बघितलंव. त्यातला एक तरी बायलमाणसाच्या नावार आसात?"

मी म्हटलं, "आई, ते पुतळ्यांचं गाव गं."

ती म्हणाली, "आमचां खंय येगळां आसा?"

रविवारी सकाळी मी भावाला सांगितलं, मी सोमवारी येत नाही. मला विचार करायला वेळ हवा. आवाज कापत होता माझा. मैत्रिणींनो, मी पंचवीस वर्षं दुसऱ्या बायकांबरोबर पोलीस ठाण्यात, तहसीलदार कचेरीत जाते. टेबलावर हात आपटून बोलते. पण त्या सकाळी माझ्या स्वतःच्या खळ्यात, स्वतःच्या भावासमोर माझे पाय लटपटत होते. तो म्हणाला, "तुला पैसे हवेत का? तसं सांग." मी म्हटलं, पैशांचं नाही. तो म्हणाला, "मग तुला माझ्यावर विश्वास नाही." या दोन वाक्यांच्या मध्ये बाईला उभं राहायला जागाच ठेवलेली नसते. हक्क मागितला की ती लोभी, नाहीतर संशयी.

धाकटी बहीण तिथेच होती. ती म्हणाली, मी सही करते. मला भांडण नको. मला गणपतीला माहेरी यायचंय. तिने सोमवारी जाऊन सही केली. तिला मी दोष देत नाही. तिचा नवरा कसा आहे ते मला माहीत आहे. उद्या तिच्यावर वेळ आली तर तिला दार उघडणारं घर एकच आहे, आणि ते दार भाऊ-वहिनीच्या हातात आहे. तिने त्या दाराची किंमत म्हणून हिस्सा दिला. आपल्या बहुतेक बहिणी "मायेपोटी" सही करतात असं म्हणतात, ते हे असतं. माहेर हवं तर हिस्सा सोड, हा व्यवहार आहे. त्याला माया म्हणू नका.

आणि आई? आईला भावाने विचारलं, "तू येतेस ना?" आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मी सही केल्यार ह्या घरात मी कोण? पावणी?" भाऊ काही बोलला नाही. ती गेली नाही.

आता कायद्याचं थोडक्यात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला आणि मुलीला वडिलांच्या वाट्यात मुलाइतकाच हिस्सा दिला. पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्माने हक्क होता तो फक्त मुलांना. १९९४ साली महाराष्ट्राने कायदा बदलला आणि मुलींनाही तो हक्क दिला, पण तो कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. आता आमच्या घरात बघा. माझं लग्न १९९२ चं, धाकटीचं १९९७ चं. एकाच आईच्या पोटच्या दोघी, एकीला हक्क आणि एकीला नाही, का तर दोन वर्षं आधी हळद लागली! २००५ साली केंद्राने कायदा बदलला तेव्हा हा भेद गेला. लग्न झालेली असो, नसो, मुलगी ही जन्मतःच मुलासारखी हिस्सेदार. आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याचीही अट नाही. हे सगळं हिंदू वारसा कायद्याचं झालं. तो बौद्ध, जैन, शीख बहिणींनाही लागू आहे. मुसलमान आणि ख्रिस्ती बहिणींचे कायदे वेगळे आहेत, ते वकीलताईंना जरूर विचारा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. वारस नोंदीत नाव लागणं हा उपकार नाही, तुम्ही वारस आहात म्हणून ते लागतं. आणि स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावं लागतं. म्हणजे तिथे तुम्ही स्वतः जाऊन सही करता. तिथे पोहोचेपर्यंत, सही करेपर्यंत, तुम्हाला थांबता येतं. एकदा नोंदलं की ते उलटवणं फार कठीण. म्हणून कागद आधी घरी आणा, वाचा, दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा. "जरा सही कर" या शब्दातल्या "जरा"ला भिऊन राहा.

पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. गोष्ट अजून संपलेली नाही. भाऊ आठ महिने माझ्याशी बोलला नाही. गणपतीला मी गेले. न बोलावता गेले. वहिनीने पाट मांडला आणि जेवताना हळूच म्हणाली, "ताई, माझ्या माहेरचाही कागद आलाय. जरा वाचून द्याल?" भाऊ आता बोलतो, हवापाण्यापुरतं. भाट अजून विकलेलं नाही. सातबाऱ्यावर आईचं नाव आहे, माझं आहे, दोघा भावांचं आहे. मी हिस्सा वेगळा मागितलेला नाही, कदाचित मागणारही नाही. आई जिवंत असेपर्यंत तिला त्या घरातून कुणी उठवू नये आणि तिला न विचारता भाट विकलं जाऊ नये, एवढ्यासाठी मला ते नाव तिथे हवं आहे. माझ्या धाकट्या बहिणीला रात्री-बेरात्री दार उघडणारं आणखी एक माणूस त्या कागदावर असावं, यासाठीही हवं आहे.

जाता जाता तुम्हाला दोन कामं सांगते.

पहिलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून बायकांच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. कुणी म्हणत होतं, बायकांना इतिहास नाही. होता, तो जात्यावर होता. तुमच्या घरात जी म्हातारी बाई आहे, तिच्यापाशी एक संध्याकाळ बसा. ती किती वाजता उठायची, काय दळायची, काय कांडायची, पाणी कुठून आणायची, पहिलं बाळंतपण कुठे झालं, पैसे कुणाच्या हातात होते, सगळं विचारा आणि वहीत लिहा. नसेल लिहिता येत तर शाळेत जाणाऱ्या नातीकडून लिहून घ्या. विहिरीच्या आतलीही लिहा आणि बाहेरचीही लिहा.

दुसरं. घरातला सातबारा आणि आठ-अ बाहेर काढा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ती वाचा. नुसती वाचा. भांडू नका, काही मागू नका. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एवढंच सांगायचं, त्यावर बाईचं नाव आहे की नाही.

कणेरीला तुम्ही जरूर जा. मुलांना न्या, बघण्यासारखं आहे. जात्यावरच्या बाईपाशी थोडं थांबा. आणि मुलांनी "ही कोण?" म्हणून विचारलं तर "जुन्या काळातली बाई" एवढंच सांगू नका. आपल्या आईचं, आजीचं नाव घेऊन सांगा. नाव घेण्यापासूनच सुरुवात होते.

आई आज इथे आली आहे. मागे बसली आहे, खांबाला टेकून. मी तिला विचारून हे सगळं बोलले. तिने परवानगी देताना एक अट घातली होती, की जेवणाला उशीर करायचा नाही, बायकांना घरी जाऊन कामं असतात.

तेव्हा मी थांबते.